हिरवी, काळी आणि आत्याची बैठक

"ठरलं का?" बाबांनी विचारलं आणि डळूचा घास तोंडाशी जाता जाता थांबला.

"जवळजवळ," ती म्हणाली.

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या चाकाचं ठरलंय. मागच्याचा विचार चालू आहे."

बाबांनी आईकडे बघितलं, आईने आत्याकडे बघितलं आणि आत्याने ताटातल्या वाटाण्यांकडे, जणू त्यांनाही या मुलीची काळजी होती.

घरात त्या वेळी चार सोफे होते आणि चारही माणसं लाकडी स्टुलांवर बसून जेवत होती. कारण सोफे गिऱ्हाइकांचे. ते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे, आणि त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवलं तरी आई ओरडायची. सोफेवाल्याच्या पोरीला सोफ्यावर लोळायला मिळत असेल असं ज्याला वाटतं, त्याने एकदा मिठाईवाल्याच्या पोरांना विचारून यावं.

खाली दुकान, वर घर, अशी व्यवस्था होती. बाबा सांगाडे ठोकायचे, आई कापड बेतायची आणि शिवायची, आणि आत्या बसायची. हेच तिचं काम. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, देहाने भरभक्कम आणि मताने त्याहून. कुठलाही सोफा दुकानाबाहेर पडण्याआधी आत्या त्याच्यापुढे यायची, पाठ फिरवायची, डोळे मिटायची आणि धाडकन बसायची. दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून ती जरा वेळ आतल्या स्प्रिंगांशी मनातल्या मनात बोलायची. मग "हं" म्हणाली, तर सोफा पास. "दबतोय" म्हणाली, तर बाबा मुकाट्याने खिळे उपटायला घ्यायचे. गिऱ्हाइकंसुद्धा कापडाचा रंग विचारण्याआधी विचारायची, "आत्यापास आहे ना?" तिचा निकाल आजवर एकदाही चुकलेला नव्हता.

अशा घरात डळू जन्माला आली होती, जिला काहीच ठरवता यायचं नाही. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती डळमळ, लाडाने डळू. चष्म्याची फ्रेम निवडायला तिने एवढा वेळ लावला होता, की फ्रेम ठरेपर्यंत डोळ्यांचा नंबर बदलला. 

पण यंदा एक गोष्ट घडली होती. शाळेच्या सायकलगटाबरोबर डळू टेकडीवर गेली होती, आईची टोपलीवाली सायकल घेऊन. उतारावर झाडांची मुळं आणि दगड. पहिल्याच मुळावर घंटी आपोआप वाजायला लागली ती खालपर्यंत वाजतच राहिली, आणि टोपली मध्येच सुटून डळूच्या आधी पायथ्याशी पोचली. डळूही पोचली, दात खिळखिळे झालेले, केसांत पाला, आणि हसू थांबत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखाद्या गोष्टीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. हे आपलं. हेच आपलं.

गटाची कॅप्टन, वरच्या वर्गातली, कपाळाला हात लावून म्हणाली होती, "तू ये. ही सायकल परत आणू नको. महिन्याने, रविवारी, जंगलातली मोठी वाट आहे. पुढे आणि मागे, दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक असलेली डोंगरी सायकल असेल तरच घेईन तुला. नाहीतर तुझे तुकडे गोळा करत बसावं लागेल मला."

बाबांनी आश्चर्य वाटावं इतक्या पटकन हो म्हटलं होतं. अट एकच. "निवड तुझी. पण त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत. एकदा बोललीस की बोललीस. आणि नाही ठरलं, तर मी ठरवीन ती सायकल."

ही धमकी साधी नव्हती. बाबांनी ठरवलेली सायकल कशी असेल याचं चित्र त्यांनी आधीच सोफ्याच्या पुठ्ठ्यावर काढून ठेवलं होतं. सायकल जेमतेम दिसत होती. सीट मात्र भली रुंद, जाड फोमची, कडेला गोट आणि वर चार बटणं.

म्हणून डळूने महिनाभर मान मोडून अभ्यास केला. चाक मोठं असावं की जरा लहान? शॉक किती खोल दबणारा असावा? मागे शॉक नसलेलीच घ्यावी, असंही इंटरनेटवर एक जण सांगत होता, आणि त्याला खाली सत्तर जण शिव्या देत होते. एक माहिती अर्धी वाचून झाली की तिच्यातून दुसरी निघायची, त्यामुळे डळू कुठल्याच माहितीच्या शेवटापर्यंत पोचली नाही. आता तिला सगळं ठाऊक होतं आणि काहीच कळत नव्हतं.

सोमवारी अख्खं घर सायकलच्या दुकानात गेलं.

दुकानाची मालकीण चोवीस तास डोक्यावर हेल्मेट घालून असायची. सगळे तिला हेल्मेटबाई म्हणायचे. दुकानाच्या मागेच सरावासाठी एक छोटी उतरण होती, मुळं आणि दगड मुद्दाम ठेवलेली. आणि चाचणीच्या दोन सायकली बाईंनी विकायला काढल्या होत्या, एक काळी आणि एक हिरवी. लोकांनी चालवून चालवून दोन्हींवरची नावं पार पुसून गेली होती.

"यातली चांगली कोणती?" बाबांनी विचारलं.

"ते तुमच्यावर अवलंबून आहे," हेल्मेटबाई म्हणाल्या.

"माझ्यावर नाही, हिच्यावर. हिला घ्यायचीय."

"मग यांच्यावर अवलंबून आहे."

"बरं, जास्त मऊ कोणती?"

"तेही अवलंबून आहे."

बाबांनी हिरवीची सीट अंगठ्याने दाबून बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, हिच्यात फोमच नाहीये गं."

"बघते ना," आत्या म्हणाली आणि काळीकडे निघाली.

"आत्या, नको," डळू कुजबुजली. "ही सायकल आहे."

"बसायचंच आहे ना तिच्यावर? मग बसून बघायला नको?"

बाईंनी काळी पकडली. आत्याने पाठ फिरवून बसायचा प्रयत्न केला, ते जमेना, मग नाइलाजाने तोंड पुढे करून बसली आणि डोळे मिटले. मागच्या शॉकमधून 'फुस्स' असा आवाज आला आणि आत्या सावकाश, मानाने, खाली गेली.

"दबली," आत्याने निकाल दिला.

"दबायलाच पाहिजे थोडी," बाई म्हणाल्या.

बाबांनी आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. "आमच्या धंद्यात हे वाक्य कुणी मोठ्याने बोलत नाही."

डळूचे कान लाल झाले. "मी हिरवी चालवून बघते," म्हणत ती निघाली. बाईंनी तिला वजन विचारलं, छोट्या पंपाने काहीतरी हवा भरली-सोडली, आणि डळूला वाटलं, चाकात भरतायत. ती मागच्या उतरणीवर गेली.

आणि काय सांगावं. मुळं आली तशी गेली. दगड खालून 'येऊ का' विचारायचे आणि सायकल म्हणायची, 'या की.' डळू खाली पोचली तेव्हा तिचे दात जागच्या जागी होते. वर येऊन तिने काळी घेतली. आत्या नुकतीच तिच्यावरून उतरली होती, चेहऱ्यावर समाधान. डळू निघाली आणि पहिल्याच मुळावर तिला वाटलं, आपण रिकाम्या डब्यातला खडा आहोत. दुसऱ्या मुळावर चष्मा नाकावरून कानावर गेला.

रात्रीच्या जेवणाला डळू स्टुलावर उभी राहिली. "ठरलं. हिरवी."

आईने हातातली पळी खाली ठेवली. "नक्की?"

"नक्की. काळी म्हणजे नुसता ओंडका आहे."

"पण काळी आत्यापास आहे," बाबा गोंधळून म्हणाले. "तू चालवायला गेल्यावर ताई म्हणाली ना, हं म्हणून."

"आणि हिरवीवर मी बसलेलीच नाही," आत्या म्हणाली, पण हळू, स्वतःशीच.

मंगळवारी आत्या खिळे आणायला बाहेर गेली. घरात खिळे होते. पण आत्याला कोण विचारणार?

बुधवारी डळूने बाबांना पुन्हा दुकानात नेलं, नुसतं दाखवायला. माणसाने जन्मात पहिल्यांदा काही ठरवलं की ते कुणालातरी दाखवावंसं वाटतंच. शाळेच्या लायब्ररीतल्या बाई, ज्या फुंकर मारली तर उडतील अशा होत्या, दारात बुटांचा चिखल झटकत होत्या. "तूपण का?" त्या डळूला म्हणाल्या. "मी येते रोज, भाड्याने घेते. जी रिकामी असेल ती."

आत हेल्मेटबाईंनी विचारलं, "तुमच्याप्रमाणे लावून देऊ का?"

"नको," डळू शहाणपणाने म्हणाली. "हात लावू नका. आहेत तशाच असू देत. तुलना कशी, सारखी व्हायला पाहिजे."

"जशी तुमची इच्छा," बाई म्हणाल्या.

"बाबा, बघा हं आता," असं म्हणून डळू हिरवीवर बसली आणि सुटली. पहिल्या मुळावर तिचा जबडा वाजला. दुसऱ्यावर तिच्या तोंडून एक आवाज निघाला जो बाबांनी याआधी फक्त शिलाई मशीनमधून ऐकला होता. ती वर आली, हिरवीकडे बघितलं, खाली वाकून चाकाकडे बघितलं, आणि काळी घेतली. काळी लोण्यासारखी चालली.

"छान चालते की हिरवी," उतारावरून येणाऱ्या काळीकडे बघत बाबा म्हणाले.

"ही काळी आहे, बाबा."

"अगं हो. मग ओंडका कोणता?"

"हिरवी."

"सोमवारी काळी होता."

"सोमवारी होता," डळू म्हणाली, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून आलं यावर तिचा विश्वास बसेना.

त्या रात्री ती स्टुलावर उभी राहिली नाही, बसूनच बोलली. "काळी."

"आली का डळमळ," आई म्हणाली. वाईट हेतूने नाही, कपाळावर हात ठेवून, ताप बघतात तशी. आणि तेच डळूला जास्त लागलं.

आत्या मात्र एकदम खूश झाली. "काळीच बरी. ती मी बघितलेली आहे." मग ती जरा थांबली. "तरी पण माल आहे. बदलतो." गुरुवारी ती पुन्हा खिळे आणायला गेली.

गुरुवारपासून घरात काहीतरी बिनसलं. आत्याने दुपारी एका तीन माणसांच्या सोफ्यावर बसकण मारली, उठली, परत बसली, आणि म्हणाली, "दबतोय... बहुतेक."

बाबांच्या हातातला हातोडा हवेत राहिला. "बहुतेक?"

"उघडून बघ एकदा."

बाबांनी सोफा उघडला. स्प्रिंगा जागेवर, फोम नवा, पट्ट्या ताणलेल्या. त्यांनी तो पुन्हा शिवून दिला. आत्या बसली. "हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "थांब." मग दुसऱ्या सोफ्यावर जाऊन बसली आणि परत पहिल्यावर आली. गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं होतं. त्याला कुणी सांगायचं, की सोफा तयार आहे, आत्या तयार नाही?

"वन्सं, तुम्हाला बरं वाटतंय ना?" आईने विचारलं.

"मला काय धाड भरलीय," आत्या म्हणाली आणि खिळ्यांचं पाकीट फळीवर ठेवून दिलं. आधीच तिथे इतकी पाकिटं झाली होती की बाबांनी एक शेजाऱ्यांना दिलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर डळू एकटीच गेली. मनात एकच प्रार्थना होती, काळी, चांगली चाल. हेल्मेटबाई कुणाचंतरी चाक सरळ करत होत्या. त्यांनी नुसता हात केला. "लावून देऊ?"

"नको, आहे तशीच."

काळी ओंडका होती. हिरवी लोणी होती.

डळू पायथ्याशी एका दगडावर बसली. तिने मुद्दे मनात मांडले. सायकली बदलणार नाहीत, सायकली लोखंडाच्या असतात. उतरण बदलणार नाही, ती मातीची असते. राहिली कोण? तिला वाटलं, म्हणजे सगळे म्हणतात ते खरंच आहे. मला कळल्यासारखं वाटतं, तेवढंच. ज्या गोष्टीबद्दल मला पहिल्यांदा खात्री वाटली, ती खात्रीसुद्धा दर दोन दिवसांनी कूस बदलते. उद्या संध्याकाळी बाबा विचारतील आणि मी तोंड उघडीन आणि आतून काहीच येणार नाही. मग चार बटणांची सीट. मग कॅप्टनचा कपाळाला हात.

घरी बाबांनी विचारलं, "मग काळी ना? उद्या सांगून टाकू."

"उद्याच सांगते," डळू म्हणाली.

बाबांनी पुठ्ठा काढला आणि सीटच्या चित्रात पाचवं बटण काढलं.

शनिवारी तिने शेवटचा उपाय म्हणून वेळच बदलायची ठरवली. संध्याकाळी जायचं ते सकाळी, दुकान उघडता उघडता. मनात विचार असा, की कदाचित सायकलींचाही स्वभाव सकाळी वेगळा असेल. एवढ्या गोंधळात माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आतून 'फुस्स' आवाज आला.

हिरवीवर आत्या बसली होती. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे मांड्यांवर. मागच्या बाजूला हेल्मेटबाई छोटा पंप घेऊन उकिडव्या बसल्या होत्या, आणि पंप चाकाला नव्हे, मागच्या शॉकला लावलेला होता.

"अजून?" बाई म्हणाल्या.

"अजून."

"आता?"

"जरासं अजून... हं."

"आत्या," डळू म्हणाली.

आत्याने एक डोळा उघडला. "खिळे संपले होते."

"सायकलवर?"

आत्याने दुसराही डोळा उघडला, पण उतरली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते डळूने त्या चेहऱ्यावर कधीच बघितलं नव्हतं, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला. आत्या घाबरली होती.

"तुला सांगू का," आत्या हळूच म्हणाली. "घरी बोलू नकोस. सोमवारी मी काळी पास केली. यांनी हवा भरली, मी हं म्हटलं. मंगळवारी येऊन हिरवी पास केली, तू म्हणालीस म्हणून. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आपल्या घरात काही यायचं नाही. गुरुवारी बघते तर काळी परत दबलेली. आज बघते तर हिरवी दबलेली. मी पास केलेला माल दोन दिवसांत दबतो? असं आजवर झालेलं नाही गं. मला वाटलं, माझीच बैठक गेली. मग त्या सोफ्यावर बसले तर तोही दबल्यासारखा वाटला." "मला दुसरं काही येत नाही, डळू. मला बसता येतं."

डळूने आत्याकडे बघितलं. मग पंपाकडे. मग हेल्मेटबाईंकडे.

"आत्या गेल्यावर हवा कोण काढतं?" तिने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "तुमच्या लायब्ररीवाल्या बाई येतात ना. त्यांच्या वजनाला ही एवढी हवा म्हणजे दगडच. यांनी ज्या सायकलवर हं म्हटलंय ती मी त्यांना देत नाही, दुसरी देते, मऊ करून. आणि मग या येऊन दुसरीवर बसतात." हे सांगताना बाईंनाही पहिल्यांदाच ते सगळं एका ओळीत दिसलं असावं, कारण त्यांनी हेल्मेट जरा वर सरकवून डोकं खाजवलं. "आणि तुम्ही म्हणालात हात लावू नका. म्हणून मी नाही लावला."

"म्हणजे जी कडक, ती आत्याची. जी मऊ, ती लायब्ररीवाल्या बाईंची."

"बरोबर."

"मग सायकलींमध्ये फरक काय आहे? काळी आणि हिरवीमध्ये?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "एकच मॉडेल आहे. रंग वेगळा."

आत्या हिरवीवरून खाली उतरली.

"हे तुम्ही सोमवारी का नाही सांगितलं?" डळूने विचारलं.

"तुम्ही विचारलंत चांगली कोणती, मऊ कोणती. मी म्हटलं, ते बसणाऱ्यावर अवलंबून आहे. आठवडाभर तेच तर सांगतेय."

मग बाईंनी दोघींना दाखवलं. मागच्या शॉकच्या दांडीवर एक बारीक रबरी कडं होतं. आपण बसलो की शॉक जेवढा दबेल तेवढं ते सरकायचं. फार सरकलं तर हवा कमी, सरकलंच नाही तर जास्त. थोडं दबलं पाहिजे, म्हणजे दगड आला की दबायला आणि खड्डा आला की लांबायला जागा राहते. आत्याने ते कडं वाकून नीट बघितलं, बोटाने सरकवलं.

"म्हणजे माझ्या हवेत मी पास," ती म्हणाली, "आणि तिच्या हवेत ती."

"तुझी बैठक कुठेही गेलेली नाही, आत्या. तू बरोबरच सांगत होतीस. सायकल खरंच दबत होती."

"आणि तूही डळमळली नव्हतीस," आत्या म्हणाली. "तूही बरोबरच सांगत होतीस." तिने नाक पुसलं, आणि मग फार वेळ हळवं राहणं तिला जमत नसल्यामुळे म्हणाली, "चल, आता त्या बाईंना सांग, दोन्ही तुझ्या मापाने लावायला. बसून बघ. मी आहे इथे."

डळूने दोन्ही चालवल्या. दोन्ही लोणी.

संध्याकाळी सगळं घर दुकानात जमलं. बाबांनी पुठ्ठा बरोबर आणला होता. डळूने सगळी हकिकत सांगितली, फक्त आत्याच्या भीतीचा भाग गाळून. आईने मध्येच तोंडाला पदर लावला. बाबा एकदा या सायकलीकडे, एकदा त्या सायकलीकडे बघत राहिले.

"एकच आहेत?"

"एकच."

"मग आपण आठवडाभर भांडलो कशावरून?"

"माझ्यावरून," आत्या म्हणाली, अगदी अभिमानाने.

"आणि मी तो सोफा का उघडला?"

"तेही माझ्यावरून. शिवलास छान."

बाबांनी मान हलवली. "बरं. मग आता निवडायचं काय राहिलं?"

"रंग," हेल्मेटबाई म्हणाल्या.

आणि एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं, की ही तर महाभयंकर वेळ आली. चाक, शॉक, मऊ, कडक, सगळ्या कारणांची झाडं तोडून टाकलेली, आणि मोकळ्या मैदानात डळू एकटी, दोन रंगांसमोर. चष्म्याच्या दुकानातही असंच झालं होतं. आईने बसायला खुर्ची शोधली. बाबांनी खिशातून पेन काढलं, पुठ्ठ्यासाठी.

"हिरवी," डळू म्हणाली.

"विचार कर हवं तर," आई घाईने म्हणाली.

"केला."

"पण हिरवीवर चिखल दिसतो गं."

"दिसू दे."

बाबांनी पेन खिशात परत ठेवलं. त्यांना जरा वाईटही वाटलं असावं. पाच बटणांचा बेत चांगला जमला होता. ते निघणार इतक्यात मागून आवाज आला.

"मग काळी माझी."

सगळे वळले. आत्या काळीचं हँडल धरून उभी होती.

"ताई?"

"गुरुवारी यांनी मला म्हटलं, एक फेरी मारून बघा. मारली. शुक्रवारी खालपर्यंत गेले. डळू आणि मी एकाच उंचीच्या, तिला जमते म्हणजे मलाही जमते. आणि हवा माझ्या मापाची कशी भरायची ते आता मला तोंडपाठ आहे. रोज बसून बसून सवय झाली, आता ती दुसऱ्या कुणाला देणं बरं दिसत नाही." तिने भावाकडे बघितलं. "त्या पुठ्ठ्यावरची सीट कुठेय? ती करून दे मला. बटणांसकट."

बाबांचा चेहरा दिवाबत्ती झाल्यासारखा उजळला.

रविवारी जंगलाच्या तोंडाशी सायकलगट जमला. कॅप्टनने डळूची हिरवी खालून वरून बघितली, रबरी कडं सरकवून बघितलं आणि मान डोलावली. मग तिची नजर हिरवीच्या मागे गेली. तिथे आत्या होती, नव्या कोऱ्या हेल्मेटमध्ये, पाच बटणांच्या, गोट लावलेल्या रुंद सीटवर, एखाद्या चाकं लावलेल्या दिवाणखान्यासारखी.

"या कोण?"

"माझी आत्या."

"यांना जमेल?"

"दोन्हीकडे शॉक आहेत," आत्या म्हणाली. कॅप्टनने दोन्ही शॉक मोजले आणि वाट मोकळी केली.

चढ दोघींनी चढला, बराचसा ढकलत. वर पोचल्यावर वाट एकदम खाली कोसळली होती. मधोमध एक मोठी मुळी, तिच्या डावीकडून एक वाट, उजवीकडून दुसरी. बाकीचे एकेक करून सुटले. आत्या पुढे आली, दोन्ही ब्रेक घट्ट धरले आणि थांबली.

"डावीकडून जाते," ती म्हणाली. मग म्हणाली, "उजवीकडे दगड लहान आहेत, नाही का?" मग म्हणाली, "तू आधी जा. नको, मीच जाते. थांब जरा. डावीकडेच बरं. की उजवीकडे?"

डळू तिच्या शेजारी उभी राहून ऐकत होती. हा आवाज तिच्या फार ओळखीचा होता. फक्त आजपर्यंत तो तिने आतून ऐकला होता, बाहेरून कधीच नाही. बाहेरून तो गोड वाटला.

"सांग ना गं," आत्या म्हणाली. "कुठून जाऊ?"

डळूने चष्मा नीट बसवला.

"ते तुझ्यावर अवलंबून आहे," ती म्हणाली, आणि ब्रेक सोडले.